परदेशात शिक्षिका व्हायला निघालेल्या मुलींसाठी: फी भरण्याआधी 120 दिवसांचा हिशेब समजून घ्या

बी.एड. इथेच करायचं की इंग्लंडला जाऊन, हा प्रश्न आता आपल्या घरांतही विचारला जाऊ लागला आहे. मुलगी बी.एस्सी. झालेली असते, गणित किंवा फिजिक्स चांगलं असतं, मामा किंवा खाला बर्मिंगहॅम-लेस्टरकडे राहात असतात. एखादा एजंट सांगतो, एका वर्षात शिक्षिका होता येतं, नोकरीही तिथेच लागते. मग घरात फीची चर्चा होते, व्हिसाची होते, राहायचं कुणाकडे याची होते. पण त्या वर्षातला सगळ्यात मोठा भाग ज्या शाळेत जाणार, त्या शाळेबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

आम्ही शाळेत शिकवतो. दरवर्षी बी.एड.चे छात्राध्यापक आमच्या वर्गांवर पाठ घ्यायला येतात, त्यांची पाठ टाचणं आम्ही तपासतो, मागच्या बाकावर बसून त्यांचे तास बघतो. शिक्षक घडतो तो या दिवसांत, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. इंग्लंडमध्ये तर सगळी पात्रताच या दिवसांवर उभी आहे. म्हणून आज फक्त त्याविषयी बोलू. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत, इथे लिहिलं आहे ते इंग्लंडपुरतं.

120 दिवस म्हणजे नेमकं काय

पदवीनंतर इंग्लंडमध्ये शिक्षक व्हायचं तर नेहमीचा रस्ता पीजीसीई या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा. तो साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होऊन जून-जुलैमध्ये संपतो. यातले निदान 120 दिवस, म्हणजे 24 आठवडे, प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. तेही एका शाळेत नाही, कमीत कमी दोन शाळांत. उरलेल्या वेळेत विद्यापीठातली व्याख्यानं आणि लेखी निबंध.

शाळा आपण निवडायची नसते, विद्यापीठ ठरवतं. मामाच्या घराजवळची शाळा मिळेल असं धरून चालू नका. तास-सव्वा तासाचा प्रवास पडणं तिथे नवलाचं नाही. डिसेंबरमध्ये सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि चारच्या आधी मावळतो. म्हणजे मुलगी अंधारात घर सोडणार आणि अंधारातच परतणार. राहायची जागा ठरवताना बस आणि रेल्वे जवळ आहे का, हे नातेवाईक जवळ आहेत का याच्या इतकंच महत्त्वाचं.

पहिले काही दिवस फक्त निरीक्षण. मग तासाचा एखादा भाग घ्यायचा, मग पूर्ण तास, मग आठवड्याचे तास वाढत जातात. प्रत्येक छात्राध्यापिकेला शाळेतला एक मार्गदर्शक शिक्षक असतो, त्याला तिथे मेंटर म्हणतात. तो दर आठवड्याला बसून काय जमलं, काय जमलं नाही ते सांगतो. मोजमाप होतं ते 'टीचर्स स्टँडर्ड्स' नावाच्या सरकारी निकषांवर. हे निकष 2012 पासून लागू आहेत. पहिल्या भागात शिकवण्याचे आठ निकष आहेत, दुसऱ्या भागात शिक्षकाच्या वागणुकीचे. शेवटी एखादा उत्तम पाठ सादर करून पास होण्याची सोय नाही. वर्षभरात मेंटरने जे पाहिलं, त्याची नोंद पाहून निर्णय होतो.

आपल्या आंतरवासितेपेक्षा फरक कुठे

एनसीटीईच्या 2014 च्या नियमांनुसार आपल्या दोन वर्षांच्या बी.एड.मध्येही 20 आठवडे शाळेत जायचे असतात: पहिल्या वर्षी 4, दुसऱ्या वर्षी 16. कागदावर बघितलं तर आपण फार मागे नाही. ज्या कॉलेजात हे आठवडे खरोखर घेतले जातात, तिथून निघालेला शिक्षक कुठेही उभा राहू शकतो.

अडचण वेगळीच आहे. काही ठिकाणी 'नॉन-अटेंडिंग'ची सोय असते. हजेरी लागते, जर्नल दुसऱ्याकडून लिहून मिळतं, पाठांवर सह्या होतात आणि मुलगी वर्गात जेमतेम दहा-बारा वेळा उभी राहिलेली असते. अशी पदवी हातात घेऊन परदेशात गेल्यावर पहिल्या महिन्यातच उघडं पडतं. कारण तिथे फाईल कुणी मागत नाही. तीस मुलांचा वर्ग समोर असतो, मागे मेंटर बसलेला असतो. बोलणाऱ्या मुलाला गप्प कसं करायचं, ज्याला काहीच कळलं नाही त्याला काय द्यायचं, हे त्याच क्षणी दाखवावं लागतं.

पाठ्यपुस्तकाचंही तसंच. आपल्याकडे बालभारतीचं पुस्तक हातात असतं, धडा ठरलेला असतो. तिथे अभ्यासक्रमातले मुद्दे ठरलेले असतात, पण तास कसा बांधायचा ते बऱ्याचदा शिक्षकच ठरवतो. एकाच वर्गात हुशार मुलं, अडखळत वाचणारी मुलं, विशेष गरजा असलेली मुलं आणि घरी इंग्रजी न बोलणारी मुलं एकत्र बसलेली असतात. एकच टाचण सगळ्यांना चालत नाही. रविवारची संध्याकाळ टाचणांत जाते आणि आठवड्याच्या रात्री वह्या तपासण्यात.

कोणता कागद मिळणार, हे आधी विचारा

इथेच जास्त घरं फसतात. पीजीसीई हे विद्यापीठाचं प्रमाणपत्र आहे. इंग्लंडच्या सरकारी शाळांत शिक्षक म्हणून मान्यता देतो तो क्यूटीएस हा वेगळा दर्जा. बहुतेक पीजीसीईसोबत क्यूटीएस मिळतो, पण सगळ्यांसोबत नाही. 'पीजीसीईआय' नावाचे ऑनलाईन अभ्यासक्रम आहेत, त्यांतून क्यूटीएस आपोआप मिळत नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरात पीजीसीई लिहिलेलं असतं, त्यामुळे फरक लक्षात येत नाही. प्रवेशपत्र हातात आलं की पहिला प्रश्न हाच: यात क्यूटीएस आहे का? उत्तर लेखी घ्या.

छात्राध्यापिका लेखी निबंधांत पास झाली आणि शाळेतल्या कामात निकषांपर्यंत पोहोचली नाही, तर विद्यापीठाचा कागद मिळू शकतो पण क्यूटीएस मिळत नाही. पुन्हा संधी देतात की नाही, त्याची फी किती, तेवढ्यासाठी व्हिसा पुरतो का, हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं. प्रवेशाआधीच विचारायची ही गोष्ट आहे.

आणखी दोन रस्ते आहेत, ते एजंट सहसा सांगत नाहीत. पहिला: ज्यांचं बी.एड. झालं आहे आणि त्यानंतर किमान एक वर्ष शिकवण्याचा अनुभव आहे, त्यांना पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागेलच असं नाही. भारतातल्या शिक्षकांना फेब्रुवारी 2023 पासून क्यूटीएससाठी थेट अर्ज करता येऊ लागला. तो 11 ते 16 वर्षांच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा ठरावीक परकीय भाषा शिकवणाऱ्यांसाठी आहे. दुसरा: 2022 मध्ये सुरू झालेला आयक्यूटीएस. यात इंग्लंडमधली मान्यताप्राप्त संस्था शिकवते आणि शाळेतलं काम मात्र आपण राहतो त्या देशातल्या शाळेत पूर्ण करता येतं. आखातात कुटुंब असलेल्या मुलींसाठी हा पर्याय बघण्यासारखा आहे. अर्ज करण्याच्या दिवशी नियम काय आहे, ते इंग्लंड सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. नियम बदलत असतात.

उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुली आम्हाला विचारतात, उर्दू शिकवता येईल का? इंग्लंडच्या दहावीसारख्या जीसीएसई परीक्षेत उर्दू हा विषय आहे, हे खरं. पण उर्दू शिकवणाऱ्या शाळा मोजक्या शहरांत आहेत. फक्त उर्दूच्या भरवशावर एवढा खर्च करू नये. विज्ञान किंवा गणिताची पदवी असेल तर दार जास्त मोठं उघडतं.

निघण्याआधीची कागदपत्रं

पदवीची प्रमाणपत्रं, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि त्यांची तिथल्या शिक्षणाशी तुलना सांगणारं यूके एनिक या संस्थेचं पत्र लागू शकतं. इंग्रजी आणि गणितात तिथल्या जीसीएसई ग्रेड 4 इतकी पातळी दाखवावी लागते. प्राथमिक शिक्षकासाठी विज्ञानही. व्हिसासाठी मान्यताप्राप्त केंद्रातली क्षयरोगाची तपासणी लागते. बँकेत ठरलेली रक्कम सलग 28 दिवस असावी लागते. आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून पैसे आणून खात्यात भरले तर अर्ज नाकारला जातो.

मुलांमध्ये काम करायचं म्हणून गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते. तिथली डीबीएस तपासणी असतेच, शिवाय भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात. ते पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतं. पासपोर्टवरचं नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव आणि लग्नानंतरचं नाव यांत फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करून घ्या. आपल्या घरांत 'शेख' पुढे की मागे, 'बी' लावायचं की 'बानो', यावरून कागद अडकल्याची उदाहरणं कमी नाहीत.

लग्न झालेल्या मुलींसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जानेवारी 2024 पासून अशा शिकवणीच्या अभ्यासक्रमांना जाणाऱ्या विद्यार्थ्यांना पती किंवा मुलांना अवलंबित म्हणून सोबत नेता येत नाही. "नंतर जावईही जातील" असं कुणी म्हणत असेल तर ते जुन्या नियमावर बोलत आहेत.

वर्गात गेल्यावर

पहिल्याच दिवशी शाळा मुलांच्या सुरक्षेचे नियम वाचायला देते. मुलाने काही सांगितलं, "मिस, कुणाला सांगू नका" म्हणाला, तर तसं वचन द्यायचं नाही. ऐकून घ्यायचं, लिहून ठेवायचं आणि शाळेत त्यासाठी नेमलेल्या शिक्षकाला त्याच दिवशी कळवायचं. मुलांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये काढायचे नाहीत. विद्यार्थ्यांना सोशल मीडियावर जोडून घ्यायचं नाही. आपल्याकडे गॅदरिंगचे फोटो स्टेटसला टाकायची सवय असते, ती विमानतळावरच सोडून जायची.

हात उगारणं तर सोडाच. तिथल्या सरकारी शाळांत मारण्यावर 1986 च्या कायद्याने बंदी आली. आपल्याकडेही शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत. फरक इतकाच की आपल्याकडे अजून काही पालकच म्हणतात, "सर, दोन लावून द्या." तिथे आवाज चढवणंसुद्धा मेंटरच्या वहीत नोंदलं जाऊ शकतं.

2015 च्या कायद्याने तिथल्या शाळांवर 'प्रिव्हेंट' नावाची जबाबदारी आहे. कुणी मूल अतिरेकी विचारांकडे ओढलं जातंय का, याकडे लक्ष ठेवायचं. त्याचं प्रशिक्षण छात्राध्यापकांनाही मिळतं. मुस्लिम मुलांकडेच जास्त संशयाने बघितलं जातं, ही टीका तिथल्या मुस्लिम संघटना आणि काही शिक्षक करत आले आहेत. मुलीने हे माहीत असून जावं. सोबत हेही माहीत हवं की 1996 च्या शिक्षण कायद्यानुसार राजकीय विषयावर वर्गात एकाच बाजूचा प्रचार करता येत नाही. पॅलेस्टाईनबद्दल मुलांनी प्रश्न विचारला तर मत लादायचं नाही, वेगवेगळ्या बाजू समतोल मांडायच्या. अडचण वाटली तर मेंटरला विचारायचं. गप्प बसायचं असा याचा अर्थ नाही, शिक्षिकेच्या खुर्चीचं वजन ओळखायचं.

हिजाब, नमाज, रमजान

घरच्यांचा सगळ्यात पहिला प्रश्न हाच असतो. इंग्लंडमध्ये हिजाब घालून शिकवणाऱ्या शिक्षिका भरपूर आहेत, त्यात आश्चर्य उरलेलं नाही. 2010 चा समानता कायदा धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतो. चेहरा झाकण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. 2006 मध्ये ड्यूसबरी इथल्या एका सहायक शिक्षिकेने वर्गात पुरुष सहकाऱ्यासमोर नकाब काढायला नकार दिला, तिला निलंबित केलं गेलं, आणि भेदभावाचा तिचा दावा न्यायाधिकरणाने फेटाळला. लहान मुलं भाषा शिकताना शिक्षिकेचे ओठ आणि चेहरा बघतात, हा शाळेचा मुद्दा होता.

जुम्याच्या नमाजचा प्रश्न मुलग्यांना जास्त पडतो. लंडनमधल्या एका मुस्लिम शिक्षकाने पूर्ण पगारावर जुम्यासाठी वेळ मागितला होता. 1977 मध्ये अपील न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला. तेव्हापासून कायदे बदलले, शाळाही बदलल्या, पण हक्क आपोआप मिळतो असं समजू नये. शाळा मिळाली की पहिल्याच भेटीत सांगायचं: मला दुपारी दहा मिनिटं आणि एक शांत कोपरा लागेल. जोहरची वेळ हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत बसते. आधी सांगितलं तर बऱ्याच शाळा सोय करतात. मधल्याच दिवशी तास सोडून गेलं तर बेजबाबदारपणा दिसतो.

पुढची काही वर्षं रमजान थंडीच्या महिन्यांत येतो, म्हणजे शाळेतल्या कामाच्या ऐन भरात. दिवस लहान असल्याने रोजा जड नाही, पण सहरीला उठून दिवसभर उभं राहायचं आणि रात्री वह्या तपासायच्या, याची तयारी हवी. ईदला तिथे सार्वजनिक सुट्टी नसते. रजेचा अर्ज आधी द्यावा आणि तो दिवस 120 मधून कमी होतो का ते विचारावं.

पैशाचं गणित

इंग्लंडच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी फीला सरकारी मर्यादा आहे, 2024-25 पर्यंत ती वर्षाला 9,250 पाऊंड होती. परदेशी विद्यार्थ्यांना ही मर्यादा लागू नाही, त्यांची फी बरीच जास्त असते. त्यावर व्हिसाची फी आणि आरोग्य सेवेचा अधिभार येतो. विद्यार्थ्यांसाठी हा अधिभार 2024 पासून वर्षाला 776 पाऊंड आहे. एका पाऊंडाला शंभर रुपयांच्या वर मोजावे लागतात, हे धरून हिशेब करा.

शाळेतल्या त्या 120 दिवसांचा पगार मिळत नाही. विद्यार्थी व्हिसावर सत्राच्या काळात आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं, म्हणून एजंट सांगतात की खर्च तिथेच निघेल. बाकी अभ्यासक्रमांना ते थोडंफार खरं असेल. पीजीसीईला नाही. दिवसभर शाळा, रात्री टाचण, मग दुकानात उभं राहणार केव्हा? कमाई धरूनच हिशेब केला असेल तर पहिला बळी शाळेतल्या कामाचा जातो, आणि त्याच कामावर क्यूटीएस अवलंबून आहे.

भौतिकशास्त्र आणि भाषांच्या परदेशी प्रशिक्षणार्थींसाठी 2023-24 मध्ये 10,000 पाऊंडांची स्थलांतर मदत होती. अशा योजना दरवर्षी बदलतात, त्यामुळे चालू वर्षाचं स्वतः तपासा. केंद्र सरकारची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची 'पढो परदेश' ही व्याज सवलत 2022-23 पासून बंद आहे. अजूनही कुणी तिचं नाव घेऊन कर्ज काढायला लावत असेल तर सावध राहा. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं. परदेशी अभ्यासक्रमाला ते लागू पडतं का, हे जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. बँकेच्या व्याजाचा प्रश्न घरात असेल तर तो प्रवेश घेतल्यावर नाही, आधी बोलून मिटवा. मुलगी तिथे असताना इकडे वाद झाले तर त्याचं ओझं तिच्यावर पडतं.

परत आल्यावर काय

हा प्रश्न खरं तर पहिला हवा. महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळेत शिकवायचं तर एनसीटीईच्या नियमांत बसणारी अर्हता लागते, पहिली ते आठवीसाठी टीईटी लागते आणि भरती पवित्र पोर्टलवर टीएआयटीच्या गुणांवर होते. इंग्लंडचा क्यूटीएस या रांगेत बी.एड.ची जागा आपोआप घेत नाही. केंब्रिज किंवा आयबी मंडळाच्या खासगी शाळा आणि आखातातल्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा त्याला किंमत देतात. म्हणून मुलीला गावाकडच्या अनुदानित शाळेतच परत यायचं असेल, तर चांगल्या कॉलेजातलं इथलं बी.एड. कमी पैशात तिला जास्त जवळ नेतं. तिथेच राहायचं असेल, तर क्यूटीएसनंतरही दोन वर्षांचा नवशिक्षकाचा कालावधी आहे आणि त्यासाठी नोकरी देणाऱ्या शाळेचा व्हिसा लागू शकतो, हे धरून चाला.

जायचं ठरलंच, तर प्रवेश मिळाल्यापासून विमानात बसेपर्यंतचे महिने वाया घालवू नका. जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन वीस-पंचवीस दिवस जा. आठवीच्या वर्गात रोज एक तास घ्या. तोच तास इंग्रजीतून घेऊन बघा. एखाद्या जुन्या शिक्षकाला मागे बसवा आणि तास संपल्यावर दोन चुका सांगायला लावा. ऐकताना वाईट वाटेल. पण तिथे मेंटर दर आठवड्याला हेच करणार आहे, आणि ज्या मुलीला ते ऐकून दुसऱ्या दिवशी टाचण बदलायची सवय लागली, तिचे 120 दिवस इन्शाअल्लाह निभावतील.